चौथ्या ठिपक्याची पानसुरी

भामरागडच्या विश्रामगृहातल्या चुलीवर मी एका सुरीचं पातं निळं होईपर्यंत तापू दिलं, आणि सकाळी तो निळा रंग राखेनं घासून काढला. यांतली पहिली गोष्ट चूक होती. दुसरीलाही मी पुष्कळ वर्षं चूकच म्हणत राहिलो. त्या सुरीनं दगा दिला तेव्हा दोष चंद्रपूरच्या एका लोहाराच्या हातावर गेला. तो माझा मित्र होता. आपल्या बापाची सुरी नव्या पोलादात पुन्हा घडवायचा ध्यास त्यानं घेतला होता, आणि त्या ध्यासात माझ्याइतका आनंद क्वचितच कुणाला झाला असेल. तो आनंदच आधी सांगतो, कारण माझा अपराध त्याच्याच पोटातून आला.

आमचं घर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाजवळचं, धानाच्या शेतीचं. घरात एक पानसुरी होती. आंब्याच्या पानासारखं पातं, पाठ सरळ, पोट भरलेलं, टोक किंचित उचललेलं आणि मुठीजवळ त्रिकोणात ठोकलेले तीन बारीक ठिपके. वडील तिनं बांबूच्या कमच्या काढत, आई कोहळं फोडी. लहानपणी त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवायची मला सवय लागली होती. एका मळणीच्या हंगामात ती तणसाच्या ढिगात हरवली. वडिलांनी ढीग पुन्हापुन्हा उपसला, पण ती मिळाली नाही. तशी सुरी नंतर बाजारात कुठंच दिसली नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी नद्यांच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या खात्यात होतो. नदीकाठी उभ्या केलेल्या मोजपट्ट्या पावसाआधी दुरुस्त करायच्या, म्हणून जीपमधून वैनगंगेपासून भामरागडच्या संगमापर्यंत फिरावं लागे. एकदा कोयत्यांना धार लावायला चंद्रपूरच्या लोहारांच्या ओळीत गेलो. एका दुकानात ऐरणीच्या ओंडक्यावर कुणीतरी गंमत म्हणून ठसा मारून पाहिला होता. त्रिकोणात तीन ठिपके! मी कोयते विसरलो.

"हे ठिपके कुणाचे?" मी विचारलं.

लोहार माझ्याच वयाचा, रुंद छातीचा आणि त्याहून रुंद आवाजाचा होता. "माया बापाचे. काऊन? भांडन हाये काय त्याच्यासंग? तो तर वर गेला, आता मायाशीच भांडा."

"त्यांची एक पानसुरी आमच्या घरी होती."

त्यानं हातातला सांडसा खाली ठेवला. "पानसुरी? साहेब, चाहा सांगतो तुमच्यासाठी. बसा. अहो बसा ना, तो डबा मजबूत हाये."

त्याचे वडील, ज्यांना सगळी ओळ वस्ताद म्हणे, भामरागडपर्यंतच्या बाजारांत पानसुऱ्या विकत. पण त्यांच्या स्वतःच्या घरात एकही उरली नव्हती. "चांगली झाली का गिऱ्हाईक नेई, वाईट झाली का बाप स्वतःच मोडून टाके," तो म्हणाला. "आता लोकाले सस्ते विळे पायजेत. पन मले एक गोष्ट माहीत हाये. बाप ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची सुरी बनवे. मायाजवळ त्याच्यापेक्षा मोठी चीज हाये." त्यानं कोपऱ्यातून एक जाड, काळपट कडं ओढून आणलं. खाणीतल्या डंपरचं निकामी बेअरिंग होतं ते. "हे पोलाद पाहा. वजन उचला. ह्याची पानसुरी केली तर बाप वरून उतरून पाहाले येईन."

त्या दिवशी मी घरी परतलो तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही उरलं नव्हतं. जुना घाट आणि नवं पोलाद! हरवलेली वस्तू पूर्वीपेक्षा चांगली होऊन परत येऊ शकते, ही कल्पनाच मला नशा चढल्यासारखी वाटली. पत्नी म्हणाली, "सुरीच ना? एवढं काय त्यात?" आणि मी तिला तासभर समजावत बसलो.

नमुना मात्र हवा होता. प्रत्येक दौऱ्यात मी गावागावांत विचारत सुटलो. अखेर भामरागडजवळच्या एका पाड्यावर, एका वृद्ध माडिया गृहस्थांच्या कमरेला ती दिसली. मुठीवरच्या वेताच्या गुंडाळीखालून तीन ठिपके डोकावत होते. तरुणपणी बाजारात वस्तादांकडूनच घेतल्याचं त्यांनी सांगितलं. सुरी ते हातातून सोडायला तयार नव्हते. त्यांनी ती पुठ्ठ्यावर दाबून धरली आणि मी तिच्याभोवती पेन्सिल फिरवली. मी घाईघाईनं रेघ ओढत होतो. ते हसले आणि म्हणाले, "सुरी पळत नाही, साहेब. आरामानं."

तो पुठ्ठा पाहून लोहारानं तोंड वाकडं केलं. "हा माया बाप नोहे. हा त्याचा सापळा हाये."

त्याचं खरं होतं. वर्षानुवर्षं धार लावून पात्याचं पोट झिजलं होतं. मग आम्ही दोघांनी एक अख्खा रविवार त्या झिजलेल्या पोटावरून भांडण्यात घालवला. तो कोळशानं रेघ ओढी, मी म्हणे आणखी भरलेलं, तो म्हणे, "तुमी तवा लहान होते, तुमाले सगळंच मोठं दिसे." मी डोळे मिटून आईचा कोहळं फोडणारा हात आठवला आणि रेघ बोटभर बाहेर ओढली. त्यानं त्या रेघेवरून बोट फिरवलं. नंतर हळूच म्हणाला, "हाव. असंच होतं."

पातं घडवलं त्या दिवशी मी रजा टाकली होती. कडं कापून, तापवून, सरळ करून त्यानं ते घणाखाली आणलं, आणि ते पोलाद किती हट्टी आहे याच्या शिव्यांनी सगळी ओळ दणाणून सोडली. "पाहून राह्यले का? मानत नाई! माया सासऱ्यासारखं हाये!" पोलाद लाल तापवून एकदम थंड केलं की ते कठीण होतं, लोहार त्याला पाणी देणं म्हणतात. वस्ताद खरोखर पाण्यातच देत. मुलानं मोहाच्या बियांचं तेल वापरलं, कारण हे पोलाद पाण्यात तडकतं हे तो दोन पाती गमावून शिकला होता. तेलातून धूर उठला, मोहाचा उग्र वास ओळभर पसरला. मग मंद आचेवर ठेवून त्यानं त्याचा ठिसूळपणा काढला, सहाणेवर धार लावली आणि आपल्या मनगटावरचे केस त्या पात्यानं असे उतरवले की मी टाळी वाजवली. शेजारचे लोहार आले, पातं हातोहात फिरलं. शेवटी त्यानं बापाचा ठसा मारला आणि त्रिकोणाखाली आपला एक ठिपका ठोकला.

"तीन बापाचे, एक माया," तो म्हणाला. त्या एका क्षणी त्याचा आवाज लहान झाला होता.

त्या वेळी त्यानं सहा-सात पाती केली आणि पहिलं मला दिलं. नुसतं पातं, बिनमुठीचं. वस्तादांचा रिवाजच तसा होता: मूठ ज्याची त्यानं आपल्या हाताच्या मापानं करायची. लाकडाला भोक पाडून त्यात लाखेची पूड भरायची, पात्याची शेपटी तापवून आत दाबायची, की लाख वितळून घट्ट धरते. "पन पातं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवजा," त्यानं बजावलं. "शेपटी तापली पायजे, पातं नाई. नाई तर दिलेलं पानी उतरून जाईन." हे मला माहीत होतं. लहानपणी वडिलांना मी तसंच करताना पाहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात भामरागडचा दौरा होता. त्या वृद्ध गृहस्थांना नवी पानसुरी दाखवायच्या कल्पनेनं मी इतका उतावीळ होतो की वाटेवरच तिवसाच्या लाकडाची मूठ तासून घेतली. संध्याकाळी विश्रामगृहाच्या चुलीत शेपटी धरली. फडकं ओलं होतं. पण लाख नीट धरेना. मी पुन्हा तापवलं, पुन्हा दाबलं. दरम्यान फडकं वाळून करपलं आणि गळून पडलं. हातपंप अंगणापलीकडे होता. मी उठलो नाही. एकदाच, आता बसेल, असं म्हणत धरून राहिलो. तेव्हा पात्यावर रंग चढू लागला. आधी गवती पिवळा, मग तांब्यासारखा, मग जांभळा आणि शेवटी मोराच्या मानेसारखा निळा. मला तो सुंदर वाटला. लाख धरली, मूठ बसली, आणि मी आनंदानं झोपलो.

सकाळी मी पातं राखेनं घासलं. पाड्यावरच्या लोकांसमोर ते लख्ख दिसावं, असं मी स्वतःला सांगितलं. पण मुठीजवळचा निळा डाग मी जितका जोर लावून घासला, तितका बाकीच्या पात्याला लावला नव्हता.

पाड्यावर सगळे जमले. मी ऐटीत बांबू उभा धरला आणि मुठीजवळच्या धारेनं पहिला घाव घातला. धार मुडपली. पत्र्याची कड मुडपते तशी. आमच्या जीपचा ड्रायव्हर मोठ्यानं हसला, "साहेब, सुरी हाये का साबनाची वडी?" वृद्ध गृहस्थांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जुनी बरी."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी शांतपणे म्हणालो, "नवं पोलाद आहे. त्याच्या हाताला अजून जमलेलं नाही."

एवढंच. मी कधी आवाज चढवून बोलत नाही, त्यामुळे माझं बोलणं लोकांना विचारपूर्वक वाटतं. ड्रायव्हरनं ते मी जाण्याआधीच लोहारांच्या ओळीत पोचवलं. मी दुकानात गेलो तेव्हा लोहारानं पातं घेऊन उजेडात धरलं, उलटसुलट पाहिलं. ते स्वच्छ होतं.

"तापवताना ओलं फडकं होतं ना?"

"होतं," मी म्हणालो.

"शेवटपर्यंत?"

"हो."

त्यानं मान हलवली. "मग मायाच हात चुकला. तेलाची गडबड झाली असन." त्यानं उरलेली पाती तपासलीही नाहीत, एका तारेत ओवून आढ्याला टांगून दिली. शेजाऱ्यांनी त्याचं नाव बेअरिंग ठेवलं. "काय बेअरिंग, आज विळेच का?" असा आवाज आला की ओळभर हशा पिकायचा. तोही हसायचा. त्यानं बढाई मारणं सोडलं, आणि मी त्याच्या दुकानावरून जाणं.

काही वर्षांनी चंद्रपुरात सायबर कॅफे निघाले. मुलीच्या प्रवेशाची माहिती शोधायला मी तिथं जायचो, आणि एके दिवशी भलत्याच पानावर पोचलो. परदेशातले कारखाने शिकाऱ्यांच्या, सैनिकांच्या, आजोबांच्या काळातल्या सुऱ्या पुन्हा काढत होते. तोच घाट, तीच मूठ, पोलाद मात्र आजचं. लोक त्यांवर हिरिरीनं वाद घालत होते: मूळ पात्याचं पोट एवढं भरलेलं होतं की नव्हतं? मी खुर्चीतच हसलो. आमचा तो रविवार तिथं जगभर चालू होता! आम्ही वेडे नव्हतो, किंवा निदान एकटे नव्हतो. त्याच पानावर एक रंगीत पट्टी होती. तापवलेल्या पोलादाचे रंग: पिवळा, तांबूस, जांभळा, निळा. निळ्यापाशी लिहिलं होतं की इथं सुरीची धार गेली समजा. मला त्यातून नवं काहीच कळलं नाही.

सुऱ्यांची चित्रं छापून घेऊन मी थेट लोहाराकडे गेलो. हे त्याला कधी दाखवतो असं मला झालं होतं. त्यानं हात पुसले, एकेक कागद डोळ्यांजवळ धरला. "हे पाहा, हे तर आपल्यासारखंच करून राह्यले!" क्षणभर जुना आवाज परतला. मग त्यानं कागदांची नीट घडी घालून मला परत दिली. "चांगलं हाये. पन हे मोठ्या लोकाचं काम. माया हाताले नवं पोलाद नाई पचत. तुमीच तर पाह्यलं."

मला ते ऐकवलं नाही.

"तुमचा हात चुकला नव्हता," मी म्हणालो. "फडकं गळून पडलं होतं. पातं निळं झालं. मी राखेनं घासलं."

मला वाटलं, आता तो मला हाकलणार. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "म्हंजे पोलाद बरोबर होतं?"

"हो."

"तेल बी?"

"सगळं बरोबर होतं."

तो डब्यावर चढला, आढ्याची तार ओढली, गंजलेलं एक पातं सोडवलं. सहाणेवर ठिणग्या उडाल्या. शेपटीला फडकं गुंडाळून त्यानं दाराशी टेकलेला वाळका बांबू ओढला आणि एक घाव, दुसरा, मग गाठीवर, मुद्दाम गाठीवर, घाव घातले. बांबू टाळी वाजल्यासारखा उकलत गेला. त्यानं अंगठ्यानं धार चाचपली, मनगटावर फिरवली, केस उतरले. "पाहा! अरे पाहा!" तो ओरडला. शेजारचे गोळा झाले. मीही त्याच्याइतकाच ओरडलो असेन. त्या क्षणी मला अपराधाची आठवणही नव्हती.

मग त्यानं पातं खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळला. डोळे ओले होते, पण नजर कठीण.

"इतके सालं, साहेब," तो म्हणाला. "मी बापाची माफी मागून राह्यलो होतो. तुमी काऊन नाई बोलले?"

मी पुटपुटत काही म्हणालो.

"मले नोका सांगू. ह्यायले सांगा. नाव ह्यायनं ठेवलं."

मी लोकांकडे वळून बोलायला लागलो.

"जोरात बोला ना, भाऊ," मागून कुणीतरी म्हणालं. "इथी घणाच्या आवाजात काही ऐकू येत नाई."

पलीकडच्या ऐरणीवरचा घण थांबला. माझा आवाज मला स्वतःलाच अनोळखी वाटला, इतका तो मोठा निघाला.

"पोलाद बरोबर होतं. यांनी दिलेलं पाणी बरोबर होतं. पातं मी जाळलं, डाग मी पुसला, आणि यांनी विचारलं तेव्हा मी तोंडावर खोटं बोललो. भाऊ, तुमची आणि वस्तादांची मी माफी मागतो."