चौकशीबाईंचं रान

उभी हयात दवाखान्याच्या चौकशी खिडकीत गेली, म्हणून सगळे तिला चौकशीबाईच म्हणत. एक्स-रे कुठे, डॉक्टर कधी येणार, जिना कुठल्या बाजूला. भिंतीवर ढळढळीत बाण असूनही माणसं तिलाच विचारत. निवृत्त झाली आणि तिनं डोंगराच्या कुशीत एका खोलीचं घर घेतलं. झऱ्याचं पाणी, चुलीवरचा भात, परसात चार भाज्या. कुणाशी अवाक्षर न बोलता दिवस जाऊ लागले. तिची जुनी डोकेदुखीही पळाली.

पण धाकट्या भावानं घोळ घातला. "आमची ताई रानात एकटी राहते," असं तो भेटेल त्याला कौतुकानं सांगत सुटला. झालं! दर रविवारी मोटारी येऊन थडकू लागल्या.

"ताई, भीती नाही वाटत?"

"साप येतात का हो?"

"वेळ कसा जातो तुमचा?"

"चांगला जायचा," ती दातओठ खात म्हणे.

एकदा भाऊ मौन शिकायला निघालेली मंडळीच घेऊन आला. त्यांनी मौनाचे फायदे सांगून सांगून तिचं डोकं उठवलं. एकानं भोपळ्याच्या वेलावरच सतरंजी अंथरली. एक बाई झऱ्यात साबण लावून पाय धुवायला बसली, तेव्हा मात्र हिचा पारा चढला.

"उठा! पिण्याचं पाणी आहे ते! निघा सगळे!"

"अगं ताई, लोक तुला मानतात," भाऊ कानकोंडा होऊन म्हणाला.

"मानू नका, मला सोडा! आणि तूही चालता हो."

भाऊ तोंड फुगवून गेला, मोटारी थांबल्या. तिला हायसं वाटलं. भावाचं तेवढं सलत राहिलं, आणि त्याचाही तिला रागच येई.

पुढे एका वादळात छपराचे पत्रे उचकटले. ती शिडीवर धडपडत असताना भाऊ धापा टाकत पायवाटेनं वर आला. एकटाच. त्यानं मुकाट्यानं शिडी धरली. पत्रे ठोकून होत आले तरी तो ब्र काढेना.

"जीभ घरी ठेवून आलास का रे?"

"तूच म्हणालीस ना, चालता—"

"म्हणाले असेन. खिळे दे."

निघताना तिनं त्याच्या हातात एक भोपळा कोंबला. "ये अधूनमधून," ती खेकसली, "पण कुणाला सांगू नकोस!"

तो हसत उतरू लागला. वळणाआड दिसेनासा होईपर्यंत ती अंगणात उभी होती.