हशासाठी थांबणारा नट

माझा नवरा क्लिफर्ड एन्टविसल, म्हणजे आमचा क्लिफ, इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या नाटक कंपनीत शिकला. तिथे दर सोमवारी नवं नाटक लागे. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, रात्री चालू नाटकाचा प्रयोग. विंगेत बसून मी अडलेल्या नटांना वाक्यं पुरवत असे. क्लिफला त्यांची गरज क्वचितच पडे.

मालक टॅटलॉक त्याला सांगत, "हशा पिकला की थांबायचं. तो उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं. मध्येच तोंड उघडलंस तर लोक हसायचे बंद होतात, गाढवा!"

क्लिफ हे इतकं पक्कं शिकला की प्रेक्षक त्याच्या मुठीत असत.

मग घरोघरी टेलिव्हिजन आला आणि आमच्या नाट्यगृहात नाटकांऐवजी बिंगो हा आकड्यांचा जुगार सुरू झाला. मँचेस्टरच्या एका मालिकेत क्लिफला मासेविक्याचं काम मिळालं. आधी दोनच भाग. जमलं तर कायम, नाहीतर माझ्या भावाच्या सूतगिरणीत मजुरी. भाऊ तर येता-जाता विचारायचा, "काय नटराज, कधी येताय रुईत लोळायला?"

तालीम चर्चच्या सभागृहात होती. मी क्लिफचा डबा घेऊन गेले होते. त्याने गिऱ्हाइकाला एक खोचक वाक्य ऐकवलं आणि तो थांबला. सगळीकडे शांतता.

दिग्दर्शक सिंक्लेअरनी विचारलं, "पुढचं विसरलास?"

"नाही. लोक हसताहेत ना."

"कुठले लोक?"

आता मात्र सगळेच हसले. पुढच्या वाक्याला तो पुन्हा थांबला. सिंक्लेअर म्हणाले, "उद्यापर्यंत ही खोड गेली नाही, तर मासे दुसरा कोणीतरी विकेल."

गिऱ्हाइकाचं काम करणाऱ्या डोरीन हॅलम वयाने मोठ्या होत्या. चहा पिताना त्या म्हणाल्या, "बाळा, तू माझ्या डोक्यावरून पलीकडे कान लावतोस. तिकडे भिंत आहे. मी इथे आहे."

"मग थांबू नको म्हणता?"

"थांब की! पण माझ्यासाठी थांब."

दुसऱ्या दिवशी क्लिफने तेच वाक्य टाकलं आणि तो थांबला. पण या वेळी तो डोरीनबाईंकडे बघत होता, त्या मासा घेतात की नाही याची खरोखर काळजी असल्यासारखा. त्या नजरेने बाई वरमल्या. ठेवून दिलेला मासा त्यांनी पुन्हा उचलला. हे संहितेत नव्हतं. सिंक्लेअर दोन्ही हातांच्या बोटांची चौकट डोळ्यांपुढे धरून क्लिफच्या अगदी जवळ गेले.

"हे असंच ठेव," ते म्हणाले. "कॅमेरा इथे आणतो."

ते काम कायम झालं. पुढे क्लिफ पडद्यावर पोलीस झाला, डॉक्टर झाला, कितीतरी वेळा न्यायाधीश झाला. न्यायाधीशाला वाक्यं जेमतेम चार असत. बाकीचा वेळ नुसतं ऐकायचं, आणि त्यासाठीच त्याला बोलावत.