सारसाचे घरटे आणि माझे भाषण

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती घटना आठवली की आजही मला आधी हसू येते आणि मग मान खाली जाते. मी तेव्हा भंडारा जिल्ह्यात फौजदार होतो. खून, दरोडे, मारामाऱ्या सगळे पाहून झाले होते. पण पक्ष्याची अंडी चोरीला गेल्याची तक्रार घेऊन कोणी ठाण्याची पायरी चढेल, असे कधी वाटले नव्हते.

तक्रारदार एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पावसाळ्यात सारसाची जोडी भातात घरटे बांधते आणि पीक तुडवले जाते म्हणून शेतकरी ते मोडून टाकतात. हे थांबावे म्हणून हा माणूस सायकलवर गावोगाव फिरे, चावडीवर लोकांना समजावी, वन खात्याला अर्ज लिही. सिहोऱ्याकडच्या एका गावात एका शेतकऱ्याने त्यांचे ऐकले. त्याच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यात, सारसाचे घरटे होते. त्याने घरट्याभोवती खाटेएवढी जागा सोडून रोवणी, म्हणजे भाताची लावणी, केली. घरट्यात दोन अंडी होती. गुरुजींना त्याचे इतके कौतुक, की त्यांनी मलाही ओढून त्या गावच्या चावडीवरच्या सभेत नेले आणि चार शब्द बोलायला लावले. त्यानंतर आठवड्याभरात अंडी घरट्यासकट गायब झाली.

"कोल्ह्यानं खाल्ले म्हणते तो शेतकरी," गुरुजी म्हणाले. "पण साहेब, कोल्हा घरटं कायले उचलून नेईल?"

हवालदाराने पेन उघडले. "साहेब, मुद्देमालाचं वर्णन का लिहू?" मी त्याच्याकडे रागाने पाहिले, पण हसू मलाही आवरत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी खबर आली, की मोहाडीच्या बाजारात एक माणूस मोठाली अंडी विकतो आहे. आम्ही त्याला टोपलीसकट उचलले. दोन तास दरडावून झाल्यावर हवालदाराने एक अंडे हातात घेऊन निरखले. "साहेब, हे बदकाचे आहेत. माह्या घरी हेच आहेत." त्या माणसाची माफी मागून त्याला सोडले. अशा खबरा बहुधा अशाच निघतात, पण दरवेळी धावावे तर लागतेच.

मग जे आधी करायला हवे होते ते केले. घटनास्थळी गेलो. सारसाची जोडी त्याच बांधीच्या कडेला उभी होती. आम्ही जवळ गेलो तरी उडेना. थोडी सरकली आणि पुन्हा वळून त्याच जागेकडे पाहू लागली. गुरुजींनी तोंड फिरवले.

घरट्याची जागा मला दिसेना. मी स्वतः धान पिकवणाऱ्या घरातला. नीट पाहिले तेव्हा कळले. सगळी बांधी हिरवीगार उभी होती, मधला खाटेएवढा तुकडा मात्र पिवळट आणि मान टाकलेला. तिथले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपे, तीनचार दिवसांपूर्वीच रोवलेले होते. जागा तशीच सोडली असती, तर कोल्ह्याची गोष्ट मी मुकाट्याने कागदावर उतरवली असती. पण धानवाल्याला बांधीत रिकामी जागा पाहवत नाही. तिथेच तो सापडला.

शेतकऱ्याला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवले. "कोल्ह्यानं अंडी खाल्ली आणि जाताना रोवणीही करून गेला काय रे?" मी विचारले.

तो पाय चिखलातून ओढून घेत म्हणाला, "खाल्ले नाही जी. गाडले. ह्या धुऱ्यात."

"पण का?" गुरुजींनी विचारले. "तू त जागा सोडली होती ना बाबा!"

"सोडली होती, गुरुजी. पण साहेबानं सभेत का सांगतलं? आजपासून हे वावर सरकारच्या ताब्यात समजा, कोनी पाय ठेवला त माह्याशी गाठ आहे." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "मले तीन बांध्या आहेत, साहेब. पाखरू आज बसते, उद्या उडते. वावर गेलं त मी लेकरं घेऊन कुठी जाऊ?"

मी ते वाक्य बोललो होतो. टाळ्याही पडल्या होत्या. गुरुजींनी सहा महिने गोड बोलून जे जमवले, ते मी एका दमात मोडले होते. इतकी वर्षे गुन्हेगार शोधत फिरलो, पण तपासाची वाट फिरून माझ्यापाशीच यावी, हे पहिल्यांदाच घडत होते.

मी गुन्हा नोंदवला नाही. कायद्याने ती माझी कसूर होती, हे मान्य. पण त्याच संध्याकाळी त्याच चावडीवर उभा राहिलो, टोपी काढली आणि सांगितले, की वावर ज्याचे त्याचेच आहे, पक्षी बसल्याने कोणाची जमीन जात नाही, मी चुकीचे बोललो. या वेळी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्या शेतकऱ्याने मात्र मान हलवली.

वर्दीचा धाक चोराला बसतो, असे मी समजत होतो. तो आधी साध्या माणसाला बसतो, आणि घाबरलेला माणूस काहीही करतो, हे मला त्या दोन अंड्यांनी शिकवले.

पुढच्या पावसाळ्यात गुरुजी ठाण्यात आले आणि घडी घातलेला कागद माझ्यापुढे ठेवला. अर्ज त्या शेतकऱ्याचा होता. "माझ्या बांधीत सारस पुन्हा बसला आहे. अंडी दोन आहेत. मी राखण करीत आहे. तरी साहेबांनी गावात येऊ नये, ही नम्र विनंती."

मी त्यावर 'मंजूर' असे लिहून खाली सही केली. त्या पावसाळ्यात मी त्या गावाकडे फिरकलो नाही.