‘कजाग’ची रत्ना

रत्ना आज सकाळी गेली.

तिचा आवाज मात्र आम्ही विशीत असतानाच गेला. त्यात माझा हात होता.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या पुढच्या वर्षी, सुरतेत, उधन्यातल्या आमच्या बैठ्या चाळीत तीन पोरींचा बँड होता.
नाव ‘कजाग’. रत्नाला सगळे तेच म्हणायचे, म्हणून तिनेच ठेवलं.

शोभाचे काका लग्नाच्या बँडमध्ये होते, त्यांचा जुना ड्रम शोभाकडे. माझ्याकडे सेकंडहँड गिटार आणि तीन कॉर्ड्स.
रत्ना गायची. म्हणजे ओरडायची.

कॉलेजातल्या मैत्रिणीने एक कॅसेट दिली होती. परदेशी बायकांचा पंक बँड. इंग्रजी कळत नव्हतं. बायका भयंकर चिडल्यात, एवढं कळलं.

प्रॅक्टिस लूमच्या शेडमागे. मशीनच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जायचं नाही.

आमच्याकडे कुठल्याही बाईचा हात मोडला, डोळा सुजला की उत्तर एकच. “जिन्यावरून पडली.”
चाळ बैठी. जिना नव्हताच.

त्यावर गाणं लिहिलं.
मी लिहिलं.

“पडली म्हणे जिन्यावरून,
दाखवा आम्हाला जिना!”

आणि प्रत्येक कडव्यात एकेका घराचा नंबर.

गणपतीत मंडळाला सांगितलं, भक्तिगीत आहे. संध्याकाळी पाचला स्टेजवर चढलो.

दोन कडवी मांडवात चिडीचूप.
तिसऱ्यात रत्नाने स्वतःच्याच घराचा नंबर घेतला. तो मी लिहिला नव्हता.
समोर तिची वहिनी, हाताला प्लास्टर. ती उठून उभी राहिली आणि किंचाळली, “दाखवा जिना!”

मग सगळ्या बायका.

कुणीतरी माइकची वायर उपटली. आम्ही तशाच गात राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात पुरुष बसले. आम्हा तिघींना उभं केलं.
रत्नाच्या मोठ्या भावाने, आमच्या सगळ्यांच्या दादाने, मला अगदी हळू विचारलं, “हाई गानं कोनी लिखं?”

माझे बाबा शेजारीच बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते.

मी म्हणाले, “रत्नाने.”
शोभा म्हणाली, “हो, रत्नानेच.”

रत्नाने माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाली, “मीच लिहिलं.”

दादाने तिला घरी नेलं. दार मुद्दाम उघडं ठेवलं. दोन्ही हातांनी तिचा गळा दाबला. वहिनी मध्ये पडली, तेव्हा सोडला.
मी आमच्या ओट्यावरून बघत होते.

दोन दिवसांनी दवाखान्यात नेलं. डॉक्टरला सांगितलं, जिन्यावरून पडली.

त्यानंतर रत्ना फक्त कुजबुजली. तीस वर्षं. जवळच भेस्तानला ब्लाउज शिवायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई फार मृदू बोलते.

शोभा लग्न होऊन धुळ्याला गेली, फोनसुद्धा करत नाही.
मी शिक्षिका झाले. महिला दिनाला भाषणं केली. एकदा स्टेजवरून ‘कजाग’ची गोष्ट सांगितली, गाणं मी लिहिलं म्हणाले. टाळ्या पडल्या.

खाली उतरले तर रत्ना उभी. तिला मागच्या रांगेत मी पाहिलंच नव्हतं.
“आता बोललीस,” ती कुजबुजली. “आता दादा समोर नव्हता ना.”

गेल्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये तिच्या पायाशी बसले. माफी मागितली.
ती म्हणाली, “माफ नाही करणार. पण बस.”
बसले. ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

आज अग्नी दादाने दिला. “माझी लाडकी बहीण,” म्हणत हंबरडा फोडून रडला. लोक त्याला धीर देत होते.
वहिनीला कुणी धीर दिला नाही.

माझी पाळी आली. त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणाले, “सांभाळा, दादा.”

तोंडातून हेच निघालं.

रत्ना, माफ केलं नाहीस, बरं केलंस.
तुला अखेरचा नमस्कार.