सूर्याचा सिलिंडर

लातूरच्या शिकवणीत सरांनी रंगांवरून ताऱ्यांचे प्रकार सांगायला घेतले आणि विचारलं, जास्त गरम कोणता, लाल की निळा? अख्खा वर्ग ओरडला, "लाल!" मी एकटी म्हणाले, "निळा." सगळे हसले, तशी मी तडकले. "कधी स्वयंपाक केलाय का? निळ्या ज्योतीवर भात चटकन होतो. सिलिंडर संपत आला की ज्योत लाल पडते, भांडी काळी करते."

सरांनी टेबलावर थाप मारली. "बरोबर! इंधन सरत आलं की सूर्यासारखा ताराही फुगून लाल होतो."

संध्याकाळी उदगीरला फोन लावून आईला सगळं ऐकवलं. सिलिंडर आडवा पाडून शेवटचा भात शिजवणारी तीच.

"मग आपल्या सूर्याचा किती उरलाय?"

"अजून अर्धा हाय."

"अर्धा? मग आडवा पाडायला लई येळ हाय की!"