कुलपाला लाल चिठ्ठी

पंख्यांच्या कारखान्यात शेवटची तपासणी मावशींकडे होती, बावीस वर्षं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटारीला, मूठ कानाला, की निकाल लागलाच. "चालेल," नाहीतर "बेअरिंग घासतंय." नापास पंख्याला त्या लाल चिठ्ठी बांधत. मॅनेजरसाहेबांनी कारण लिहून सही केल्याशिवाय ती चिठ्ठी कुणी काढायची नाही. काढली तर त्या दिवसापुरतं घरी. नियम सुपरवायझरनेच केलेला.

आणि बायकांच्या नव्या विश्रांतीच्या खोलीला कुलूप घातलं होतं तेही त्यानेच. आत सोफा, आरसा, थंड पाण्याचं यंत्र. हेड ऑफिसचे मोठे साहेब पाहून, शाबासकी देऊन गेले त्याला महिना झाला, तरी किल्ली याच्या खिशातच.

इकडे पॅकिंगमधल्या पोरीला सातवा महिना लागलेला. पाय सुजून टम्म, आणि जेवणाच्या सुट्टीत टेकायला रिकामी खोकी. मावशींनी दोनदा विचारून पाहिलं.

"घाण होईल हो, मावशी. बघू पुढच्या आठवड्यात."

तिसऱ्यांदा त्यांनी तोंडच उघडलं नाही. सकाळी आल्या आल्या त्या कुलपाला लाल चिठ्ठी बांधली आणि जागेवर जाऊन बसल्या.

सुपरवायझर तणतणत आला. "मावशी, हा काय पंखा आहे?"

"पंखा नसेना का. चालत नाही ना?"

"लोक हसताहेत मला!"

"मग काढा की चिठ्ठी. कोण अडवतंय?"

त्याचा हात कुलपापर्यंत गेला. पॅकिंगच्या सगळ्या बायका माना वळवून बघत होत्या. हात परत आला.

दुपारी मॅनेजरसाहेब आले. चिठ्ठी पाहून आधी खोकले, मग मोकळेपणी हसले. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कुलूप'. खाली सही. "द्या किल्ली इकडे," ते सुपरवायझरला म्हणाले, आणि ती त्यांनी मावशींच्या हातावर ठेवली. "आता ही तुमच्याकडेच राहू दे. तुमचा निकाल आजवर चुकलेला नाही."

मावशींचा चेहरा असा खुलला, की वीस वर्षांच्या नोकरीचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं तेव्हाही खुलला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत पोरगी सोफ्यावर पाय पसरून आडवी झाली. मावशी शेजारी टेकल्या आणि त्यांचे कान टवकारले. वर आपल्याच कारखान्याचा पंखा फिरत होता. बेअरिंग घासत होतं.

त्यांनी खिशातून लाल चिठ्ठी काढली. पण पोरीला गाढ झोप लागली होती. चिठ्ठी पुन्हा खिशात गेली.

"सुट्टी संपेपर्यंत चालेल," त्या पुटपुटल्या.