मुकी खारीक

मी तुरीची डाळ पाखडत होते, तेव्हा निरोप आला. कारंज्याच्या बाजाराला गेलेला आमचा गाडीवान बैल सोडता सोडताच म्हणाला, "बाई, तुमच्या चंद्रभागाबाई गेल्या. परवाच्या दिवशी. मले दुकानात समजलं." मी ऐकलं आणि तशीच पाखडत राहिले... सुपात कोंडा उरला नाही तरी. मग पहिली गोष्ट मनात आली ती ही, की आता माझ्या वच्छीच्या ओटीच्या खारका कोण निवडणार? पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. माणूस गेल्यावर असलं काही सुचावं, याची लाज वाटली. पण चंद्रभागेनं हे ऐकलं असतं तर ती खो खो हसली असती, हेही मला पक्कं ठाऊक आहे.

चंद्रभागा माझ्या माहेरच्या गल्लीतली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, पण मी तिला कधी ताई म्हटलं नाही आणि तिनंही तो मान मागितला नाही. बाजारातल्या एका मोठ्या किराणा दुकानात ती माल निवडायला बसे. आखातातल्या बसऱ्याचा खजूर बोटीनं मुंबईला उतरायचा आणि रेल्वेनं आमच्याकडे यायचा. ओला खजूर चटईत दाबून बांधलेला, खारीक पोत्यात. पोतं फोडलं की तिच्यापुढे तीन ढीग पडू लागत. अव्वल, चालती आणि कुटायची. खारकेच्या देठाची टोपी ती नखानं उचलायची. खाली टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं की ती खारीक बाद. अंगावर पांढरी पूड असली तर बोट लावून जिभेवर ठेवायची. गोड लागली तर आतली साखर वर आलेली, कडवट लागली तर बुरशी. आणि शेवटी प्रत्येक खारीक कानाशी नेऊन हलवायची. आत बी खुळखुळली तर ती 'बोलकी', म्हणजे गर वाळून आकसलेली, नाहीतर किड्यानं खाल्लेली. आवाज आला नाही तर 'मुकी', गरानं गच्च भरलेली. हे शब्द तिचेच. "बोलकीत खाणं कमी अन् आवाज लय," ती म्हणायची, "माणसावानीच हाय ते!"

बायका तिला दुकानापेक्षा घरी जास्त गाठायच्या. बाळंतिणीला काय द्यावं, अशक्त लेकराला काय द्यावं. ती सांगे, रात्री दुधात भिजवा, सकाळी चावून खा, अंगात ताकद येते, पोट साफ राहते. ओला खजूर द्यायचा तर दोन-चारच, आंबूस वास आला तर एकही नाही. पण त्यापुढे तिच्याकडून एक अक्षर वदवून घेता येत नसे. तापानं फणफणलेलं पोर घेऊन कोणी आलं, की ती अंगावर ओरडायची. "खारीक हाय ते, वैद्य नाही! दवाखान्यात ने आधी." माल विकणाऱ्या दुकानाची भाकरी खाऊन असं बोलणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

कारंज्यात तेव्हा लग्नाच्या ओटीच्या पाच खारका चंद्रभागेनंच निवडायच्या, असा रिवाजच पडला होता. माझ्याही लग्नात तिनं त्या निवडल्या आणि भर मांडवात मोठ्यानं म्हणाली, "पाचही मुक्या हायेत. बिनधोक भरा!" आमच्या सासूबाईंच्या कानावर तेवढा एकच शब्द पडला. "मुक्या? माह्या सुनेच्या ओटीत मुक्या?" सगळा मांडव हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

धनजला सासरी आले, वच्छी झाली. पोरगी चुणचुणीत, ऐकू सगळं येई, सांगितलेलं सगळं करी. पण तीन वर्षांची होत आली तरी तोंडातून शब्द नाही. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. "ओटीत मुकं घातलं, पोटी मुकं आलं." हे वाक्य गावभर झालं, मग कारंज्यात पोचलं, आणि ज्या बायका चंद्रभागेशिवाय ओटी भरत नसत त्या तिला टाळू लागल्या. इकडे सासूबाईंनी उपायही शोधला. आठवडी बाजारातून त्यांनी खुळखुळ वाजणाऱ्या खारका वेचून आणल्या. बोलकी खारीक खाल्ली की लेकरू बोलेल! रोज सकाळी दुधात एक. मला कळत होतं हो, चंद्रभागेजवळ बसून मी काय कमी शिकले होते? पण मी बोलले नाही. त्या घरात खरी मुकी मीच होते.

व्हायचं तेच झालं. वच्छीला जुलाब लागले, पोर पार कोमेजली. कोणीतरी कारंज्यात सांगितलं असावं. दुसऱ्याच दिवशी चंद्रभागा कोणाच्या तरी बैलगाडीतून, न बोलावता, दारात हजर. ओसरीवर बसली, अडकित्ता मागितला आणि सासूबाईंच्या डब्यातली खारीक मधोमध कापली. आत काळी भुकटी आणि एक वळवळती अळी. "हे बोलून राह्यलं, आत्याबाई," ती म्हणाली. "खारीक नाही बोलत, आतलं किडं बोलते." सासूबाई उठून आत गेल्या. तिला पाणी मी दिलं... गुळासकट. त्या घरात माझ्या मनानं केलेलं ते पहिलं काम.

वच्छीला आधी दवाखान्यात नेलं. औषध, भाताची पेज. जुलाब थांबल्यावर कुस्करलेला खजूर, चमचाभर. चंद्रभागा आठ दिवस राहिली. मांडीवर पोर घेऊन ती आपल्या पिशवीतल्या खारका कानाशी हलवत बसे, पोरही तसंच करी. निघायच्या दिवशी वच्छीनं एक खारीक कानाला लावली, हलवली आणि स्पष्ट म्हणाली, "मुकी."

मी चुलीपुढून धावत आले. चंद्रभागा शांतपणे म्हणाली, "बरोबर. अव्वलमधी टाक."

तेव्हापासून वच्छीची टकळी जी सुरू झाली ती आजतागायत बंद नाही. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पह्यला शब्दही तोच शिकवला त्या सटवीनं!" आपलं बोलणं त्यांनी कधीच मागे घेतलं नाही. बायका पुन्हा चंद्रभागेकडे जाऊ लागल्या, पण ओटीच्या खारका तिनं परत निवडल्या नाहीत. मी किती विनवलं. एकच उत्तर. "तुह्या सासूनं बोलावलं तं निवडतो." लढाई आली, बोटी थांबल्या, खारीक दिसेनाशी झाली, लढाई संपली, खारीक परत आली. बोलावणं काही गेलं नाही. तरी वच्छीच्या लग्नात ती निवडेल, ही माझी आशा सुटली नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी चंद्रभागेच्या भावाची सून एक पुरचुंडी घेऊन आली. चंद्रभागेनं उशाखाली ठेवली होती म्हणे. 'वच्छीची' असं सांगून ठेवलं होतं. आत पाच खारका. न बोलावता निवडलेल्या.

दुसऱ्या दिवशी ओटी भरताना मी ती पुरचुंडी सोडली. सासूबाईंना आता दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. त्यांनी हात पुढे केला. एकेक खारीक कानाशी नेली, हलवली, परत माझ्या हातात ठेवली. पाचही. मग त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चंद्रभागेच्या हातच्या हायेत. मीच बोलावलं होतं तिले."

साफ खोटं. पण साऱ्या गावानं ऐकलं. मी वच्छीच्या पदरात एकेक खारीक टाकत गेले. एकही वाजली नाही.